म्हाताऱ्या मांजराचं नवं घर

(मुसफ्फा शाबियात झालेल्या सदस्यांच्या बैठकीतील भाषणाचा मजकूर. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)



आजचा विषय मांजर आहे हे ऐकून काहींना हसू आलं असेल. आपल्या मंचावर असले विषय फारसे येत नाहीत. पण हा विषय आपल्या इथल्या राहण्याशीच जोडलेला आहे. आपण इथे राहतो ते व्हिसावर. नोकरी संपली की थोड्या मुदतीत घर आवरायचं. सोफा विकला जातो, गाडी विकली जाते. दहा-बारा वर्षांच्या मांजराचं काय करायचं? पिल्लू कोणीही हौसेनं नेतं, म्हातारं मांजर कोणाला नको असतं. जे भले लोक 'द्या आमच्याकडे' म्हणतात, त्यांच्या घरी बहुधा आधीच दोन-तीन मांजरं असतात. मग फिसकारणं, मारामाऱ्या, पलंगाखाली लपणं, गादीवर मुतणं. आठवड्यात निरोप येतो, 'आमच्याकडे जमत नाही हो.' तोवर मूळ मालकाचं विमान उडालेलं असतं.

पुढे काय होऊ शकतं ते आपण इथेच पाहिलं आहे. २०२३ च्या शरद ऋतूत अबू धाबीत, अल फलाहजवळच्या वाळवंटात शंभराहून अधिक मांजरं सोडून दिलेली आढळली. त्यांतली अनेक मेलेली होती. त्यांच्यात माणसांची सवय असलेली मांजरंही होती. त्यांना वाळवंटात शिकार करून जगता येणार नव्हतं.

मला आज एकच गोष्ट सांगायची आहे. 'जमत नाही' हा निकाल आपण आठवड्यात देतो, पण म्हाताऱ्या मांजराला रुळायला काही आठवडे आणि कधी कधी काही महिने लागतात. तेवढा काळ नीट आखून काढला, तर बहुतेक घरांत निभावतं.

आधी मांजराचा स्वभाव पाहू. कुत्रा कळपाचा प्राणी आहे. मांजर ज्या रानमांजरापासून आलं, ते एकट्यानं हिंडून शिकार करणारं. त्याचे भाईबंद अमिरातीच्या आणि ओमानच्या वाळवंटात आजही आहेत. त्यांना गॉर्डनचं रानमांजर म्हणतात. अशा प्राण्याला अनोळखी जातभाई म्हणजे सोबती वाटत नाही, हद्दीत शिरलेला परका वाटतो. आणि हद्द ओळखायची ती वासानं. मांजर दाराच्या कडेला, आपल्या पायाला गाल घासतं तेव्हा आपली खूण ठेवत असतं. नव्या घरात त्याची एकही खूण नसते, सगळीकडे दुसऱ्यांच्या खुणा. आपण दुबईच्या विमानतळावर पहिल्यांदा उतरलो तेव्हा निदान पाट्या तरी वाचता येत होत्या.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते.

पहिलं काम प्राण्यांच्या डॉक्टरांकडे नेणं. दहा वर्षांपुढच्या मांजरात मूत्रपिंडाचे विकार, थायरॉइड, रक्तदाब, दातांची दुखणी नेहमी आढळतात. सांधेदुखी तर फारच. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात बारा वर्षांवरच्या १०० मांजरांचे एक्स-रे तपासले, तेव्हा ९० मांजरांच्या सांध्यांत झीज दिसली. मांजर दुखणं लपवतं. आपण म्हणतो 'तुसडं आहे', आणि खरं तर त्याचा गुडघा दुखत असतो. लसी, तसंच एफआयव्ही आणि फेलाइन ल्युकेमियाची तपासणी झाल्याशिवाय घरातल्या मांजरांशी गाठ घालू नये. यात दोन्ही बाजूंचं हित आहे.

दुसरं, स्वतंत्र खोली. शाबियातल्या घरांत जागा कमी असते हे मान्य. पण दार बंद होणारी एक लहान खोली पुरते. तिथे खाणं, पाणी, वाळूचा ट्रे आणि लपायला एक खोकं. ट्रे खाण्यापासून लांब, आणि एक कड उतरती असलेला, म्हणजे दुखऱ्या पायांना चढावं लागणार नाही. जुन्या घरातलं अंथरूण न धुता आणा. तो वास हेच त्याचं माहेर. खाणंही आधीचंच ठेवा, बदल नंतर सावकाश करा. एक दिवस पूर्ण उपाशी राहिलं तर डॉक्टरांना फोन करा. मांजरानं, विशेषतः लठ्ठ मांजरानं, काही दिवस खाल्लं नाही तर यकृतात चरबी साठून जिवावर बेतू शकतं. त्याला बाहेर ओढून काढू नका. खोलीत जाऊन बसा, वाचा, फोनवर आईशी बोला. आवाजाची सवय होऊ द्या.

तिसरं, ओळख आधी वासाची. एक मऊ फडकं नव्या मांजराच्या गालांवरून फिरवून दुसऱ्यांच्या जेवणाच्या जागी ठेवा, त्यांचं इकडे आणा. बंद दाराच्या दोन्ही बाजूंना वाट्या ठेवा आणि रोज थोड्या जवळ सरकवा. समोरच्याचा वास आला की चांगलं खायला मिळतं, हे डोक्यात बसलं पाहिजे. मग खोल्यांची अदलाबदल करा, म्हणजे समोरासमोर न येता एकमेकांचा मुलूख हुंगता येईल.

चौथं, दर्शन. दाराच्या फटीतून किंवा जाळीतून, पाच मिनिटं, खाऊ देता देता. फिसकारणं हा गुन्हा नाही, ती 'लांब राहा' अशी सूचना आहे. ओरडू नका. पण टक लावून बघणं, वाट अडवणं, पाठलाग करणं दिसलं तर एक पायरी मागे जा. सगळं शांत असेल तेव्हाच देखरेखीखाली एकत्र आणा आणि वेळ हळूहळू वाढवा. मारामारी झालीच तर मध्ये हात घालू नका, पुठ्ठा किंवा उशी आडवी धरा.

पाचवं, वाटप. आपल्या मंचाला हा मुद्दा नवा नाही. भांडण बहुतेक वेळा साधनांवरून असतं. ट्रे मांजरांच्या संख्येपेक्षा एक जास्त, आणि वेगवेगळ्या जागी. तीन ट्रे एका ओळीत ठेवले तर एक दांडगं मांजर तिन्ही अडवतं. पाण्याची भांडी, झोपायच्या जागा, नखं घासायचे खांब यांचंही तेच. म्हाताऱ्याला उंच उडी जमत नाही, म्हणून त्याची सुरक्षित जागा खाली किंवा पायरी लावून करा. एसीच्या थेट झोतात नको. आणि उन्हाळ्यात 'थोडा वेळ बाल्कनीत ठेवू' हा उपाय कधीही नको. जून-जुलैची बाल्कनी जीव घेते.

यश कशाला म्हणायचं? एकमेकांना चाटत झोपलेल्या मांजरांची चित्रं डोक्यातून काढून टाका. कुणी कुणाला न अडवता जेवलं, ट्रेवर गेलं, निवांत झोपलं, तर जमलं. मैत्री झाली तर आनंद आहे, पण तिची सक्ती नको. काही महिने प्रयत्न करूनही एखादं मांजर सतत लपत असेल, खात नसेल, तर त्याच्यासाठी दुसरं, एकट्याचं घर शोधणं हाच प्रामाणिक मार्ग. मात्र घर मिळेपर्यंत जबाबदारी आपली.

काळ्या मांजरांना घर मिळणं जास्त अवघड जातं असं ऐकतो, तेव्हा वाईट वाटतं. पदव्या घेऊन समुद्र ओलांडला आणि 'आडवं गेलं' मात्र सामानात बांधून आणलं. डॉ. दाभोलकरांचं नाव घेणाऱ्यांनी तरी ते उतरवून ठेवावं.

शेवटी कायद्याचं. प्राण्यांच्या कल्याणासाठी अमिरातीत २००७ सालापासून संघीय कायदा आहे. अबू धाबीत फेब्रुवारी २०२५ पासून पाळीव कुत्र्या-मांजरांची नोंदणी 'तम्म' या सरकारी सेवेत सुरू झाली आहे. मायक्रोचिप बसवून ही नोंद प्राण्यांचे डॉक्टर करतात. मांजर दुसऱ्याला दिलंत तर नावही बदलून द्या, लसींची वही आणि खाण्या-औषधांच्या सवयींचा एक कागद सोबत द्या. आणि हे तिकीट काढल्यावर नको, दोन-तीन महिने आधी सुरू करा. म्हणजे नव्या घरातलं रुळणं तुम्ही इथे असतानाच होईल, आणि नाहीच जमलं तर मांजराला परत यायला दार उघडं असेल.

म्हाताऱ्या मांजराला आपण कुठे निघालो ते कळत नाही. त्याच्या बाजूनं विचार करणारे फक्त आपण आहोत. एवढंच सांगायचं होतं. प्रश्न असतील तर जरूर विचारा.