मेंढा-लेखाचे जंगल
गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. त्यामागे बरीच वर्षांची तयारी होती. गावातील देवाजी तोफा आणि ‘वृक्षमित्र’ या संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल यांच्या साथीने गावाने अभ्यासगट चालवले आणि ग्रामसभेचा निर्णय बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने घ्यायचा ही रीत पाडली. जंगलातला बांबू बाहेर विकायला लागणारा वाहतूक परवाना मात्र २०११ मध्ये हाती आला. ही प्रतीक्षा फारच लांबली. संवर्धनात कारकीर्द करू पाहणाऱ्या तरुणांनी झाडांइतकीच ही ग्रामसभाही अभ्यासावी. मेंढ्याला हक्क मिळाला त्याच वर्षी, २००९ मध्ये, एलिनॉर ऑस्ट्रम यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. मासेमारीचे किनारे असोत वा जंगले, मेंढ्याच्या ग्रामसभेप्रमाणे वापरणारेच नियम ठरवून सामाईक संपत्ती टिकवू शकतात, असे त्यांच्या संशोधनाने दाखवले.