अज्ञाते किती, अटी किती?
(शिक्षक, पंचायत सदस्य व क्षेत्रीय अधिकारी यांच्यापुढील भाषण)



ठाणे जिल्ह्यात मानपाडा या नावाची दोन ठिकाणे आहेत. एक ठाणे शहरात घोडबंदर रस्त्यावर, दुसरे डोंबिवलीच्या बाजूस. त्यांपैकी कोणत्याही नाक्यावर संध्याकाळी उभे राहावे. रिक्षा आणि दुचाकी यांची दाटी दिसते. समजा, एखाद्या मुलाने तेथे उभी असलेली वाहने मोजली, ती 22 भरली. आणि चाके मोजली, ती 53 भरली. रिक्षा किती व दुचाकी किती?

बीजगणित न शिकलेला माणूसही याचे उत्तर काढतो. सगळ्या दुचाकीच आहेत असे धरले तर चाके 44 झाली असती. प्रत्यक्षात 9 जास्त आहेत आणि प्रत्येक रिक्षा एक चाक जास्त आणते. म्हणून रिक्षा 9, दुचाकी 13. शाळेत हेच उदाहरण क्ष आणि य घालून सोडविले की विद्यार्थी बिचकतो. वास्तविक पहिल्या समीकरणाची दुप्पट करून ती दुसऱ्यातून वजा करणे म्हणजे नेमका हाच विचार होय. अक्षरे परकी वाटतात, विचार मात्र घरचा असतो.

येथे अज्ञाते दोन होती आणि माहितीही दोन गोष्टींची होती. केवळ वाहनांची संख्या सांगितली असती, तर एकही रिक्षा नाही येथपासून सर्व रिक्षाच आहेत येथपर्यंत 23 उत्तरे संभवली असती. 2018 साली आलेल्या दहावीच्या गणित भाग 1 या पुस्तकाचे पहिलेच प्रकरण दोन चलांतील रेषीय समीकरणांचे आहे. त्यात आलेख आहे, निश्चयक आहे, क्रेमरची पद्धत आहे. या पद्धती विद्यार्थी सरावाने आत्मसात करतो. परंतु दिलेली माहिती उत्तर काढण्यास पुरेशी आहे काय, हा प्रश्न तो क्वचितच विचारतो. कारण परीक्षेत ती बहुधा पुरेशीच असते. व्यवहारात तसे नसते.

हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. भास्कराचार्यांचा जन्म शके 1036, म्हणजे इ. स. 1114 मधील. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी त्यांनी सिद्धान्तशिरोमणी रचला. त्यांच्या बीजगणितात पहिल्या अज्ञाताला ‘यावत्तावत्’ म्हटले आहे आणि पुढील अज्ञातांना कालक, नीलक, पीतक, लोहितक अशी रंगांची नावे आहेत. म्हणूनच अनेक अज्ञातांच्या समीकरणांना ‘अनेकवर्ण’ हे नाव. फळ्यावर रंगीत खडू वापरणाऱ्या शिक्षकाला ही योजना विशेष आवडावी.

त्यांचे दोन मित्रांचे उदाहरण प्रसिद्ध आहे. पहिला म्हणतो, मला शंभर दे, म्हणजे मी तुझ्या दुप्पट धनवान होईन. दुसरा म्हणतो, तूच मला दहा दे, म्हणजे मी तुझ्या सहापट होईन. अज्ञाते दोन, पण भास्कराचार्य एकाच अक्षरात काम भागवितात. पहिल्याचे धन ‘क्षची दुप्पट उणे 100’ आणि दुसऱ्याचे ‘क्ष अधिक 100’ असे मानले की पहिली अट आपोआप पाळली जाते. दुसरी अट लावली की क्ष 70 येतो. एकाजवळ 40, दुसऱ्याजवळ 170. अट आधीच मांडणीत मुरवून टाकण्याची ही युक्ती वर्गात अवश्य दाखवावी. यांत्रिक लोपापेक्षा ती मुलांना अधिक समजते.

दुसरे उदाहरण चार धनिकांचे. घोडे त्यांच्याजवळ अनुक्रमे 5, 3, 6, 8. उंट 2, 7, 4, 1. खेचरे 8, 2, 1, 3. आणि बैल 7, 1, 2, 1. चौघांचे धन सारखे आहे, तर प्रत्येक जनावराची किंमत काय? अज्ञात किमती चार, पण ‘सारखे’ या शब्दातून समीकरणे निघतात तीनच. उत्तर घोडा 85, उंट 76, खेचर 31, बैल 4 असे दिलेले आहे. प्रत्येकाचे धन 853 भरते. पण किमती दुप्पट केल्या, तरी चौघे समानच राहतात. म्हणजे या माहितीतून किमतींचे प्रमाण कळते, प्रत्यक्ष किंमत कळत नाही. बाजारभाव ठरवायचा तर एका तरी जनावराची किंमत बाहेरून कळावयास हवी.

जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळील पाटण येथे एक शिलालेख आहे. डॉ. भाऊ दाजी यांनी 1865 साली तो अभ्यासकांच्या नजरेस आणला. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिला आणि तेथील निकुंभ घराण्यातील राजाने 1207 साली त्यास देणगी दिली, असे त्यावरून कळते. गणिताच्या अध्यापनाला राजाश्रय आणि गावच्या उत्पन्नाचा आधार मिळाल्याचा हा आठशे वर्षांपूर्वीचा दाखला पंचायत सदस्यांनी एकदा जाऊन पाहण्याजोगा आहे.

आता पंचायतीच्या दप्तराकडे वळू. मुरबाड किंवा शहापूर तालुक्यातील एखाद्या ग्रामपंचायतीचे रस्त्याचे काम कल्पावे. सोयीसाठी आकडे काल्पनिक घेतले आहेत. पहिल्या देयकात मजुरांचे 12 रोज व मुरूम 4 ब्रास, एकूण रुपये 10,800. दुसऱ्यात 18 रोज व 6 ब्रास, एकूण रुपये 16,200. दर स्वतंत्रपणे लिहिलेले नाहीत. देयके दोन, अज्ञात दर दोन. तेव्हा उत्तर निघावे असे वाटते. पण रोज 500 व ब्रास 1,200 हे दर दोन्ही देयकांत बसतात, रोज 600 व ब्रास 900 हेही बसतात आणि रोज 400 व ब्रास 1,500 हेही! दुसरे देयक पहिल्याची दीडपट आहे, एवढेच. कागद दोन असले तरी माहिती एकच आहे. त्याच दुसऱ्या देयकाची रक्कम 16,500 असती, तर मात्र दोन्हींत बसणारे दरच सापडले नसते. मग मधल्या काळात दर बदलला किंवा बेरीज चुकली, असे समजून मोजमाप पुस्तिका उघडावी.

तिसरे देयक आले: 10 रोज, 5 ब्रास, रुपये 11,000. पहिल्यास 4 ने व तिसऱ्यास 5 ने भागले की तीन रोज व एक ब्रास यांचे 2,700 आणि दोन रोज व एक ब्रास यांचे 2,200 होतात. वजाबाकी केली की रोज 500, आणि म्हणून ब्रास 1,200. प्रमाण वेगळे होते म्हणून दर उलगडला.

प्रमाण वेगळे असणे पुरते काय? तिसऱ्याऐवजी 19 रोज व 6 ब्रास, रुपये 16,700 असे देयक असते, तरी काटेकोर गणिताने रोज 500 हेच उत्तर येते. पण रक्कम लिहिताना शंभर रुपयांची चूक होऊन 16,800 पडले, तर रोज एकदम 600 आणि ब्रास 900 होतो. तीच शंभराची चूक तिसऱ्या देयकात होऊन 11,100 पडले असते, तर रोज 480 व ब्रास 1,260 आला असता. आलेखावर पाहिले तर कारण ध्यानात येते. पहिल्या आणि या नव्या देयकाच्या रेषा जवळजवळ समांतर आहेत. एक रेषा किंचित सरकली की छेदनबिंदू दूर जातो. दर पडताळण्यासाठी देयके निवडताना, मजुरी व साहित्य यांचे प्रमाण ज्यांत शक्य तितके भिन्न आहे, अशीच दोन निवडावीत. दहावीच्या वर्गात आलेखाचा तास घेताना हीच देयके फळ्यावर मांडता येतील.