नावाचा सातबारा कोणाच्या नावे?

(वर्धा जिल्ह्यातील कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



हिंगणघाट, आर्वी, पुलगाव येथील बाजारांत कापूस आणणाऱ्या शेतकऱ्याला दलाल म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. एके काळी देशातील अनेक बाजारांत रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरत असे, आणि मालाच्या धन्याला तो सर्वांत शेवटी कळे. उघड लिलाव आणि खरे माप यांसाठी कायदे करावे लागले; महाराष्ट्राचा कृषी उत्पन्न बाजार कायदा १९६३ चा आहे.

आज याच जिल्ह्यातील बचत गट, खादी संस्था, सेंद्रिय शेती करणारे शेतकरी आपला माल इंटरनेटवर विकू पाहतात. त्यासाठी प्रथम लागते ते नाव, म्हणजे डोमेन. आणि या नव्या बाजारात तो जुना रुमाल पुन्हा पसरला गेला आहे.

जानेवारी २००८ मध्ये नेटवर्क सोल्यूशन्स या बड्या अमेरिकी कंपनीने एक प्रथा सुरू केली. ग्राहकाने एखादे नाव शिल्लक आहे काय, एवढे विचारताच कंपनी ते चार दिवस स्वतःकडे नोंदवून ठेवी. त्या काळात ते अन्यत्र मिळेनासे होई. याला तिने ग्राहकाचे संरक्षण म्हटले! पाच दिवसांत नोंदणी रद्द केल्यास शुल्क परत मिळत असल्याने हे शक्य होते. आयकॅन या नियामक संस्थेने त्या सवलतीला आर्थिक लगाम घातला, तेव्हा कोठे फुकटची साठेबाजी ओसरली. नफेखोराची सद्बुद्धी नव्हे, नियम कामी आला.

दुसरा धोका घरातलाच आहे. डोमेन कायमचे विकत मिळत नाही. ते मुदतीने मिळते, एका वेळी फार तर दहा वर्षे. नोंदीत ज्याचे नाव, त्याचा ताबा. संकेतस्थळ बनवून देणारा ते स्वतःच्या नावे नोंदवतो. पहिल्या वर्षी स्वस्त पडलेले नाव नूतनीकरणाच्या वेळी महाग होते. आणि गट हिशेब मागू लागला की नावच ओलीस राहते. मुंबई उच्च न्यायालयाने १९९९ मध्ये ‘रेडिफ’च्या प्रकरणात, आणि सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये ‘सत्यम इन्फोवे’च्या प्रकरणात डोमेनला व्यापारी नावासारखे संरक्षण दिले. परंतु मजूर स्त्रियांच्या गटाला न्यायालयाची पायरी परवडते काय?

मग उपाय कोणता? २०१९ मध्ये जगभरच्या सेवाभावी संस्था वापरतात ती ‘डॉट ऑर्ग’ची नोंदवही एका खाजगी भांडवली कंपनीला १ अब्ज १३ कोटी ५० लाख डॉलरना विकण्याचा करार झाला. संस्थांनी एकजुटीने विरोध केला, आणि ३० एप्रिल २०२० रोजी आयकॅनने तो व्यवहार नाकारला. संघटित आवाजापुढे एवढी मोठी रक्कमही अडली, हे कार्यकर्त्यांनी ध्यानी ठेवावे.

गावपातळीवरचे काम याहून साधे आहे. नोंदणी संस्थेच्याच नावे व संस्थेच्याच ई-मेलवर करावी. परवलीचा शब्द दोन पदाधिकाऱ्यांकडे असावा. नूतनीकरणाची तारीख व दर ठराव-वहीत लिहावेत. नाव आधी बैठकीत ठरवावे आणि ज्या दिवशी तपासावे त्याच दिवशी घ्यावे. २०१४ पासून ‘.भारत’ हे देवनागरी डोमेनही मिळते. त्याचा विचार व्हावा.

सेवाग्रामच्या या जिल्ह्याला विश्वस्तवृत्तीचा अर्थ ठाऊक आहे. जो विश्वस्त वही उघडून दाखवत नाही, तो विश्वस्त नव्हे. तो मालक होय.