एका डॉलरचे पेटंट आणि परवान्याच्या अटी
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत झालेले भाषण)



‘परवाना-करार’ हा आजचा विषय फळ्यावर वाचून दोघीतिघींनी विणकामाच्या पिशव्या बरोबर आणल्या आहेत, हे मला इथून दिसते आहे. खुशाल विणा. हात गुंतले म्हणून कान काही गुंतत नाहीत. शिवाय हा विषय वकिलांचा आहे अशी जी समजूत आहे, ती अर्धीच खरी आहे.

कोकणात आंब्याची बाग खंडाने देतात, ते आपणां सर्वांस ठाऊक आहे. बाग मालकाचीच राहते. हंगामापुरती फळे मात्र खंड भरणाऱ्याची. एखादी नवी कृती, औषध, यंत्र किंवा नाव दुसऱ्याला वापरावयास देणे म्हणजे परवाना, आणि त्याचा जो खंड मिळतो त्याला रॉयल्टी म्हणतात. फरक एवढाच, की बाग हंगामानंतर परत ताब्यात घेता येते. सांगितलेली कृती मात्र परत घेता येत नाही. ती ऐकणाऱ्याच्या डोक्यात राहते. म्हणून तिचे कुंपण कागदावर घालावे लागते. शोधासाठी पेटंट असते. आपल्या देशात त्याची मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे असते. नावासाठी ट्रेडमार्कची नोंद असते. ती दर १० वर्षांनी नवी करीत गेल्यास कितीही काळ टिकते. आणि ज्याची कोठेच नोंद होत नाही असे हातचे कसब असते. ह्या तिसऱ्या गोष्टीकडे नीट लक्ष द्या, कारण करारात नेमकी तीच विसरली जाते.

आता मी तुम्हांला इन्सुलिनची हकीगत सांगते. मधुमेह नाही असे घर आपल्या पेठेत शोधावे लागेल. तेव्हा नाव कोणालाच परके नाही.

१९२१ च्या उन्हाळ्यात कॅनडातील टोरोंटो विद्यापीठात, प्राध्यापक मॅक्लाउड यांच्या प्रयोगशाळेत, फ्रेडरिक बँटिंग हा तरुण शल्यवैद्य आणि चार्ल्स बेस्ट हा त्याचा विद्यार्थी-मदतनीस कुत्र्यांवर प्रयोग करीत होते. वर्षाच्या अखेरीस जेम्स कॉलिप हा रसायनज्ञ त्यांना येऊन मिळाला. त्या काळी लहान मुलाला मधुमेह झाला म्हणजे आईबापांनी काय समजावयाचे ते समजून घेत. डॉक्टर त्याला जवळजवळ उपाशी ठेवीत. त्याने काही महिने, फार तर एखाददोन वर्षे वाढत. ११ जानेवारी १९२२ रोजी लिओनार्ड टॉम्प्सन ह्या १४ वर्षांच्या मुलाला पहिले इंजेक्शन दिले. ते अशुद्ध होते, गुण आला नाही. कॉलिपने अर्क शुद्ध केला, २३ जानेवारीपासून पुन्हा टोचले, आणि मूल सुधारू लागले.

इथपर्यंतची कथा शाळेच्या पुस्तकांतही सापडते. पुढची सापडत नाही. अर्क मोठ्या प्रमाणात करावयास घेतला, आणि तो जमेनासा झाला! ज्याने तो शुद्ध केला त्या कॉलिपलाही जमेना. कृती कागदावर होती, माणसे तीच होती, भांडी तीच होती. पण वसंत ऋतूत काही आठवडे टोरोंटोत रोग्यांना द्यावयास औषधच नव्हते. आपल्यापैकी जिने सासूबाईंच्या वहीतून लोणच्याची कृती उतरवून घेतली आहे, तिला ह्यात नवल वाटणार नाही. वहीत असते ते निराळे आणि हाताला असते ते निराळे. मे महिन्यात हात पुन्हा बसला. पण विद्यापीठाला कळून चुकले, की हे काम आपल्या एकट्याच्या आवाक्यातले नाही.

पेटंटाविषयी बँटिंगला संकोच होता. वैद्याने रोग्याच्या औषधावर मालकी सांगावी हे त्याला शपथेला सोडून वाटे. पहिल्या अर्जावर त्याने आपले नाव घालू दिले नाही. अमेरिकेच्या कायद्यासाठी पुढे ते घालावे लागले. मग पेटंट घेतलेच कशासाठी? तर दुसऱ्या कोणी घेऊन सर्वांची वाट अडवू नये म्हणून. जानेवारी १९२३ मध्ये बँटिंग, बेस्ट आणि कॉलिप ह्या तिघांनी आपले हक्क विद्यापीठाच्या स्वाधीन केले, प्रत्येकी एक डॉलर घेऊन. लोक ह्या डॉलरचे मोठे कौतुक करतात. मलाही कौतुक आहे. पण डॉलरने एकही कुपी भरली नाही. कुप्या भरल्या त्या परवान्यांनी, म्हणून मला त्यांच्या अटींचे अधिक कौतुक वाटते.

अमेरिकेतील इंडियानापोलिस शहरच्या एली लिली कंपनीचे संशोधन-प्रमुख क्लोज हे डिसेंबर १९२१ पासून टोरोंटोच्या मागे लागले होते. ३० मे १९२२ रोजी करार झाला. विद्यापीठाची बाजू किती पडती होती ते ध्यानात घ्या: औषध पुरेसे तयार होत नव्हते, आणि मुलांचे आईबाप दारात उभे होते. अशा वेळी माणूस पुढ्यात येईल त्या कागदावर सही करतो. विद्यापीठाने तसे केले नाही. लिलीला संयुक्त संस्थाने, मध्य व दक्षिण अमेरिका एवढ्या प्रदेशाचा एकटीचा हक्क दिला. पण तो एका वर्षाच्या प्रायोगिक काळापुरता. कृतीत सुधारणा सापडली तर ती टोरोंटोस कळवावयाची, असेही ठरले. वर्ष संपले की इतर कारखान्यांना परवाने देण्यास विद्यापीठ मोकळे.

वर्षभरातच ह्या अटींची परीक्षा झाली. लिलीच्या जॉर्ज वॉल्डन ह्या रसायनज्ञाला अर्क पुष्कळच शुद्ध व टिकाऊ करण्याची युक्ती सापडली, आणि कंपनीने तिच्यावर स्वतःचे पेटंट मागितले. मूळ कृतीचे पेटंट विद्यापीठाकडे आणि चांगल्या कृतीचे कंपनीकडे, असे झाले असते तर विद्यापीठाच्या कागदाला किंमत ती काय उरली असती? टोरोंटोने हरकत घेतली. त्याच सुमारास सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातही तशीच युक्ती स्वतंत्रपणे सापडली होती, त्यामुळे कंपनीचा दावा ढिला पडला. लिलीची मक्तेदारी झाली नाही. पुढे इतर कारखान्यांनाही परवाने मिळाले.

नावावरूनही ओढाताण झाली. लिलीने ‘आयलेटिन’ असे आपले नाव काढले. विद्यापीठाला ‘इन्सुलिन’ हेच नाव सर्वांचे म्हणून राहावयास हवे होते. शेवटी लेबलावर ‘आयलेटिन’च्या जोडीला ‘इन्सुलिन, लिली’ असे छापू लागले. आज आपण दुकानात जाऊन कोणत्याही कंपनीचे नाव न घेता ‘इन्सुलिन द्या’ म्हणतो. आणखी एक अट होती: माल बाजारात जाण्यापूर्वी त्याची तपासणी टोरोंटोच्या समितीकडून करून घ्यावयाची. ज्या औषधाचा थेंब कमी पडला तर रोगी दगावतो आणि जास्त झाला तरी दगावतो, त्याला ही अट पैशापेक्षा मोलाची होती.

डेन्मार्कची कथा एका बाईमुळे घडली, म्हणून ती वगळवत नाही. ऑगस्ट क्रोग हे नोबेल पारितोषिक मिळालेले शास्त्रज्ञ १९२२ मध्ये अमेरिकेत व्याख्यानांसाठी गेले होते. त्यांच्या पत्नी मारी ह्या स्वतः डॉक्टर आणि स्वतः मधुमेही. त्यांनी इन्सुलिनविषयी ऐकले आणि टोरोंटोस जाण्याचा आग्रह यजमानांपाशी धरला. क्रोग तेथून स्कँडिनेव्हियापुरता परवाना घेऊन परतले, आणि त्यातूनच नॉर्डिस्क ही संस्था उभी राहिली. आजची नोव्हो नॉर्डिस्क ही कंपनी तिच्याच वंशातली आहे. मुंबईहून परत येताना आपण पेढे आणतो. ह्या बाईंनी देशाला औषध आणविले.

कोणी विचारील, मागूनही परवाना दिला नाही तर? त्याचे उत्तर आपल्याच कायद्यात आहे. पेटंट मिळून ३ वर्षे झाल्यावरही औषध लोकांना परवडेल अशा भावात मिळत नसेल, तर सरकारकडे सक्तीचा परवाना मागता येतो. मूत्रपिंडाच्या व यकृताच्या कर्करोगावरील नेक्साव्हर हे औषध बायर कंपनी महिन्याला सुमारे २ लाख ८० हजार रुपयांना विकत होती. हैदराबादच्या नॅटको कंपनीने तिच्याकडे परवाना मागितला, मिळाला नाही. ९ मार्च २०१२ रोजी मुंबईच्या पेटंट कार्यालयातून भारतातला पहिला सक्तीचा परवाना निघाला. नॅटकोने महिन्याचे औषध ८,८८० रुपयांत द्यावे आणि बायरला विक्रीवर ६ टक्के रॉयल्टी द्यावी, असे ठरले. पुढे ती ७ टक्के झाली. म्हणजे मालकाचा खंड बुडाला नाही, आणि रोग्यालाही औषध मिळाले.

एवढे सगळे आज सांगण्याचे कारण सर्वांना कळले असेलच. आपल्या गोड्या मसाल्याला आणि मेतकुटाला एका व्यापाऱ्याने मागणी घातली आहे. माणूस भला दिसतो. भल्या माणसाशीही करार लेखीच करावा. त्याने पाठविलेला मसुदा मी दोनदा वाचला. त्यात ‘निव्वळ नफ्याच्या ५ टक्के’ असे आहे. नफा ही हिशेबनीसाच्या लेखणीतली गोष्ट आहे. गाडीभाडे, जाहिरात, पगार वजा जाता जाता तो शून्यावरही येतो. टक्केवारी विक्रीवर असावी, मग ती ३ असली तरी चालेल, आणि वर्षाला अमुक इतकी किमान रक्कम ठरलेली असावी. त्यात ‘सर्व प्रदेशांकरिता’ आणि ‘कायमचा’ असे शब्द आहेत. त्यांच्या जागी एक जिल्हा आणि दोन वर्षे लिहावीत, असे माझे मत आहे. हे नाव आपणही वापरू शकू की नाही, ह्याविषयी मसुद्यात एक अक्षर नाही. आणि ते नसले म्हणजे उद्या आपल्याच दारात आपला मसाला आपल्याच नावाने विकता येईल की नाही, ह्याची शाश्वती नाही. ह्या कामावर आपल्या १४ भगिनींच्या घरचा किराणा येतो, हे विसरून चालणार नाही.

भाजणीचे कसब शिकवावयास आपल्यातल्या दोघी त्याच्या कारखान्यात जातील, असे तो गृहीत धरून चालला आहे. जावोत; पण त्याचा मोबदला वेगळा लिहावा, आणि पहिला डबा उघडण्यापूर्वी गुपित राखण्याच्या कागदावर सही घ्यावी. दर महिन्याला एक पाकीट तपासणीसाठी मंडळात यावे. माल बिघडला तर नाव आपले जाते, त्याचे नाही. करार संपल्यावर छापून उरलेल्या पिशव्यांचे काय करावयाचे, तेही आजच लिहून ठेवावे.

मंडळाच्या नावाची ट्रेडमार्क-नोंद अद्याप झालेली नाही. सहीच्या आधी तो अर्ज जावयास हवा. मसुद्याच्या तीन प्रती वाचनालयाच्या कपाटात खालच्या खणात ठेवल्या आहेत. शनिवारच्या सभेपूर्वी प्रत्येकीने एकदा वाचाव्यात आणि जे पटत नाही ते समासात पेन्सिलीने लिहावे. शाईने नको, कारण तिसरी प्रत वकीलसाहेबांकडे न्यावयाची आहे.