डॉक्टर नसलेल्यांचा दवाखाना

(माजी विद्यार्थी मेळाव्यातील 'मुलांच्या वाटा' या सत्रातील भाषण)



संयोजकांनी मला 'संगणक क्षेत्रातील संधी' या विषयावर बोलायला सांगितलं होतं. मी विषय बदलून घेतला, त्यामागे एक कारण आहे. गेल्या दोन वर्षांत आपल्याच तुकडीतल्या चार जणांचे मला फोन आले. मुलीने किंवा मुलाने रुग्णालय प्रशासनाच्या पदवीला प्रवेश घेतलाय, आता पुढे काय, असा चौघांचाही प्रश्न. एकाने तर विचारलं, "अगं, हे नक्की काय असतं? रिसेप्शनवर बसायचं का?"

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, रुग्णालय प्रशासक नाही. पण गेली अठरा वर्षं मी रुग्णालयांसाठीच सॉफ्टवेअर बनवते. रुग्णाची नोंदणी, खाटांचं वाटप, बिल, डिस्चार्ज हे सगळं ज्या पडद्यांवर चालतं, ते पडदे आमची टीम लिहिते. त्यासाठी मला प्रशासकांसोबत तासन् तास बसावं लागतं. नुकतीच पदवी घेतलेली मुलंही त्या टेबलावर असतात. तीन वर्षं नुसती परीक्षा दिलेला मुलगा कोण आणि रुग्णालयात वावरलेली मुलगी कोण, हे दहा मिनिटांत कळतं. त्या फरकाबद्दलच मी आज बोलणार आहे.

त्याआधी माझ्या भाचीबद्दल थोडं सांगते. तिने दोनदा नीट दिली, दोन्ही वेळा एमबीबीएसला प्रवेश मिळाला नाही. घरात सुतकासारखं वातावरण होतं. मग तिने बीबीएच्या रुग्णालय व्यवस्थापन शाखेत प्रवेश घेतला. पहिल्या वर्षी दिवाळीत ती मला म्हणाली, "आत्या, मी दवाखान्यात काम करणार, पण दवाखान्यातली कोणीच नसणार." नातेवाईक तिला 'डॉक्टर व्हायचं राहिलं वाटतं' असं विचारत होते. ती शिक्षण सोडायच्या बेतात होती.

तिला तेव्हा जे सांगितलं तेच तुम्हाला सांगते. आजार डॉक्टर बरा करतो. पण रुग्ण आला तेव्हा खाट रिकामी होती का, ऑक्सिजनची लाइन चालू होती का, रक्ताची पिशवी वेळेत आली का, विम्याची मंजुरी मिळाली का, हे डॉक्टरच्या हातात नसतं. ते बघणारं माणूस शिकलेलं असावं लागतं. अमेरिकेत हे फार पूर्वी ओळखलं गेलं. शिकागो विद्यापीठाने १९३४ मध्येच रुग्णालय प्रशासनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला होता. आपल्याकडे पदवी पातळीवर हा विषय अजून नवा वाटतो, म्हणून घरच्यांना त्याची ओळख नाही.

आता, पदवीच्या तीन वर्षांत नक्की काय करायचं?

पहिलं काम म्हणजे घड्याळ घेऊन ओपीडीत बसायचं. रीतसर परवानगी काढायची, वहीत कोणाचंही नाव किंवा आजार लिहायचा नाही, फक्त वेळा लिहायच्या. केसपेपर किती वाजता काढला, डॉक्टरांकडे नंबर कधी लागला, रक्त तपासणीला किती वेळ गेला, औषधाच्या खिडकीवर किती. भाचीने हे महिनाभर दर शनिवारी केलं. मी तिला एक साधं सूत्र दिलं होतं. जॉन लिटल या अभ्यासकाने १९६१ मध्ये ते गणिताने सिद्ध केलं. आत असलेली माणसं म्हणजे तासाला येणारी माणसं गुणिले प्रत्येकाला लागणारा वेळ. तासाला ४० रुग्ण येत असतील आणि प्रत्येकाला बाहेर पडायला दीड तास लागत असेल, तर कोणत्याही क्षणी आत ६० रुग्ण असणार. प्रत्येकासोबत एक नातेवाईक धरा, म्हणजे १२० खुर्च्या लागणार. खुर्च्या वाढवायच्या की तो दीड तास कमी करायचा, हा प्रशासकाचा प्रश्न. भाचीच्या वहीत दिसलं की डॉक्टरांच्या खोलीत रुग्ण जेमतेम आठ-दहा मिनिटं असतो. बाकीचा वेळ खिडक्यांपुढे जातो. त्या दिवशी तिला पहिल्यांदा वाटलं की आपण शिकतोय त्याला अर्थ आहे.

दुसऱ्या वर्षी डिस्चार्ज बघायचा. तुमच्यापैकी प्रत्येकाने हे भोगलं असेल. सकाळी दहाच्या राउंडला डॉक्टर म्हणतात, "आज घरी जा." आणि आपण निघतो दुपारी चारला. मधल्या सहा तासांत काय होतं? डिस्चार्ज कार्ड टाइप व्हायचं असतं. न वापरलेली औषधं मेडिकलला परत जायची असतात. एखादा रिपोर्ट यायचा असतो. बिल बनतं, मग ते विमा कंपनीकडे जातं. डिस्चार्जची कॅशलेस मंजुरी विमा कंपनीने तीन तासांच्या आत द्यावी, असा नियम विमा नियामकाने २०२४ मध्ये केला. पण कागद रुग्णालयातूनच उशिरा गेला तर तो नियम कोणाच्या उपयोगाचा? यातली प्रत्येक पायरी वेगळ्या माणसाची असते. दोन पायऱ्यांमधली जागा मात्र कोणाचीच नसते. ती जागा आपली मानणारा माणूस म्हणजे प्रशासक. आणि वर खाट अडलेली असताना खाली कॅज्युअल्टीत कोणीतरी त्याच खाटेची वाट बघत स्ट्रेचरवर असतं. हे विसरून चालत नाही.

खाटांचा वापर काढायचं गणित सातवीतल्या मुलालाही येईल. महिन्यात रुग्णांनी वापरलेले खाट-दिवस भागिले उपलब्ध खाट-दिवस, गुणिले शंभर. शंभर खाटांच्या रुग्णालयात ३० दिवसांत ३,००० खाट-दिवस असतात. २,४०० वापरले गेले तर ८० टक्के. सूत्र पाठ असणारी मुलं खूप भेटतात. पण गेल्या महिन्याचा आकडा खऱ्या नोंदींतून काढून दाखव म्हटलं की बहुतेक थबकतात. म्हणून मुलांना एक्सेल नीट शिकू द्या, आणि जमलं तर थोडं एसक्यूएलही. मी माझ्या धंद्याची जाहिरात करत नाहीये. ज्या मुलीला स्वतः आकडा काढता येतो, तिला बैठकीत बोलायला जागा मिळते.

तिसरी गोष्ट, नियमांची कामं अंगावर घ्यायची. रुग्णालयाच्या गुणवत्तेला मान्यता देणारं एनएबीएच मंडळ आहे. त्याच्या तपासणीची तयारी चालू असेल तिथे विद्यार्थ्यांना काम मिळतं, कारण कागदपत्रांची, फेऱ्यांची, मोजणीची कामं भरपूर असतात. साधी कचऱ्याची फेरी घ्या. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे पिवळा, लाल, पांढरा, निळा असे चार रंग ठरलेले आहेत. सुया पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात जायला हव्यात. सुई चुकून पिवळ्या पिशवीत गेली तर ती टोचणार पिशवी उचलणाऱ्या मावशींना. भाची अशा फेऱ्यांमध्येच मावशी, मामा, सिस्टर सगळ्यांची नावं शिकली. रुग्णालय खरं कसं चालतं हे तिला त्यांनीच शिकवलं, ते कुठल्याही पुस्तकात नव्हतं.

चौथी गोष्ट आपल्या तालुक्यातल्या मुलांसाठी खास. सरकारी योजना समजून घ्या. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आपल्याकडे २०१२ मध्ये वेगळ्या नावाने सुरू झाली, २०१७ मध्ये तिला आजचं नाव मिळालं. २०१८ मध्ये केंद्राची आयुष्मान भारत योजना आली, त्यात कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. अंगीकृत रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो. त्याच्याशेजारी आठ दिवस बसलं की कळतं, गरीब माणसाचं ऑपरेशन कधी कधी रेशनकार्डावरच्या नावातल्या एका अक्षरासाठी अडतं. भाचीने तिथे एक पान मराठीत तयार करून दिलं: भरती होताना कोणते कागद आणायचे, साध्या भाषेत, मोठ्या अक्षरांत. इंग्रजी फॉर्मपुढे गोंधळलेल्या माणसाला त्या पानाचा किती आधार होतो, ते तिने डोळ्यांनी पाहिलं.

आणि प्रशासन म्हणजे फक्त काचेच्या इमारतीतलं असं नाही. आपल्या महाराष्ट्रातलं जामखेड बघा. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तिथे काम सुरू केलं आणि गावातल्याच, फारशा न शिकलेल्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. कोणतं काम कोणी करायचं, हे त्यांनी नव्याने ठरवलं. प्रशासनाचा याहून चांगला धडा मला माहीत नाही.

आपल्यातल्या काहींची मुलं परदेशात शिकतात. अमेरिकेत १९३३ पासून आरोग्य प्रशासकांची मोठी व्यावसायिक संघटना आहे, तिच्यात विद्यार्थ्यांनाही सदस्य होता येतं. तिथल्या मुलांनी पहिल्याच वर्षी सदस्य व्हावं, सभांना जावं आणि एखादा अनुभवी मार्गदर्शक मिळवावा.

आता पालक म्हणून आपल्याशी दोन रोखठोक शब्द. प्रवेश घेण्याआधी कॉलेजला विचारा, मुलं कोणत्या रुग्णालयात, किती आठवडे, कोणाच्या हाताखाली काम करतात? 'प्रमाणपत्र मिळतं' हे त्याचं उत्तर नाही. सुरुवातीचा पगार थोडा असतो, हेही आधीच मान्य करा. मोठ्या रुग्णालयांत वरच्या जागांसाठी बहुधा पदव्युत्तर पदवी मागतात. म्हणून पदवीनंतर एक-दोन वर्षं काम, मग पुढचं शिक्षण, हा क्रम मला बरा वाटतो. अनुभव घेऊन गेलेला मुलगा वर्गात वेगळे प्रश्न विचारतो. आणि कृपा करून मुलांसमोर 'डॉक्टर व्हायचं राहिलं' हे वाक्य उच्चारू नका. माझी भाची ते वाक्य तीन वर्षं ऐकत होती. आज ती एका रुग्णालयाच्या गुणवत्ता विभागात आहे आणि डिस्चार्जच्या वेळेवर काम करतेय. तिथे तिला कोणी हा प्रश्न विचारत नाही.

शेवटी, आपल्या तुकडीकडे एक मागणं. आपल्यात डॉक्टर आहेत, दोघांची स्वतःची हॉस्पिटलं आहेत, काहींची मेडिकलची दुकानं, एक जण विमा कंपनीत आहे. तुमच्यापैकी प्रत्येकाने वर्षाला एका विद्यार्थ्याला सहा आठवडे आपल्याकडे घ्यावं. त्याला फक्त फायली लावायला बसवू नका. एक खरा प्रश्न द्या, आणि शेवटच्या दिवशी त्याचं उत्तर अर्धा तास नीट ऐकून घ्या. बाहेरच्या टेबलावर मी एक वही ठेवली आहे. एका बाजूला जागा देणाऱ्यांनी नावं लिहावीत, दुसऱ्या बाजूला मुलांच्या पालकांनी. जोड्या लावायचं काम माझ्याकडे, आणि जून महिन्यापर्यंत मी प्रत्येकाला फोन करीन.

आपल्या शाळेत बाई आम्हाला फळा पुसण्यापासून बाग सांभाळण्यापर्यंत पाळीपाळीने कामं वाटून द्यायच्या आणि शनिवारी त्यांचा हिशेब घ्यायच्या. ती वाटणी किती विचारपूर्वक होती, हे आता कळतं. बाई आज समोर बसल्या आहेत. त्यांना नमस्कार करून थांबते.