आरोग्य विमा : पॉलिसीवरचा आकडा आणि हाती येणारी रक्कम

(वर्षावास व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा सारांश)



आजचा विषय हिशेबाचा आहे. पण तो आपल्याला परका नाही. बाबासाहेब जुलै १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. त्यांच्या कारकिर्दीतच, मार्च १९४३ मध्ये, कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम प्रा. बी. पी. अडारकर यांच्याकडे सोपविण्यात आले. १९४४ साली त्यांचा अहवाल आला आणि त्या पायावर १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला. आजारपणामुळे कामगाराचे घर कर्जात बुडू नये, हा या विचाराचा गाभा होता.

आज आपल्यातील अनेकांनी खाजगी विमा घेतला आहे. पॉलिसीवर तीन किंवा पाच लाखांचा आकडा असतो. तेवढे पैसे मिळणारच, असे आपण धरून चालतो. मात्र आतील पानांवरील अटी त्या रकमेला कात्री लावतात. त्या अटी आजारी पडण्याआधी समजून घेतल्या पाहिजेत.

पहिली अट खोलीभाड्याची. समजा, विमा तीन लाखांचा आहे आणि भाड्याची मर्यादा दररोज एक टक्का, म्हणजे ३,००० रुपये आहे. आपण ६,००० रुपयांची खोली घेतली आणि पाच दिवस राहिलो. खोलीचे ३०,०००, डॉक्टर, शस्त्रक्रिया व नर्सिंगचे १,२०,००० आणि औषधांचे ५०,००० असे दोन लाखांचे बिल झाले. आपल्याला वाटते, भाड्यातील फरक तेवढा, म्हणजे १५,००० रुपये, भरावा लागेल. परंतु बऱ्याच पॉलिसींत भाड्याच्या प्रमाणात डॉक्टर व शस्त्रक्रियेचा खर्चही निम्मा धरला जातो. मग कंपनी १५,०००, ६०,००० आणि ५०,००० मिळून १,२५,००० देते. उरलेले ७५,००० आपल्या खिशातून जातात. म्हणून दाखल होतानाच आपल्या मर्यादेतील खोली मागावी.

दुसरी अट को-पेमेंटची, म्हणजे मंजूर रकमेतील ठरावीक टक्के आपण भरण्याची. वरच्या उदाहरणात ती दहा टक्के असेल, तर आणखी १२,५०० रुपये आपलेच.

तिसरी अट डिडक्टिबलची. ठरलेल्या रकमेपर्यंतचा खर्च आपण किंवा आपल्या दुसऱ्या पॉलिसीने सोसायचा. कंपनी त्यावरचा खर्च देते. म्हणूनच अशा पॉलिसीचा हप्ता कमी असतो. समजा, डिडक्टिबल तीन लाख आहे आणि एकाच वर्षात दोन वेळा दोन-दोन लाख खर्च झाला. साधी टॉप-अप पॉलिसी प्रत्येक आजारपण वेगळे मोजते, त्यामुळे ती काहीच देत नाही. सुपर टॉप-अप वर्षाचा एकूण खर्च मोजते, त्यामुळे ती एक लाख देते. एका शब्दाचा हा फरक आहे!

चौथी अट प्रतीक्षा काळाची. अपघात सोडल्यास पहिले तीस दिवस सहसा संरक्षण नसते. आधीपासून असलेल्या आजारांसाठी हा काळ जास्तीत जास्त छत्तीस महिने ठेवता येतो, असा नियम २०२४ साली झाला. मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर अर्जात स्पष्ट लिहावे. एजंट 'लिहू नका' म्हणाला, तरी सही आपली असते आणि दावा नाकारला गेला तर नुकसानही आपलेच होते.

आणखी एक खिंड आहे. नोकरीतला सामूहिक विमा सहसा नोकरीबरोबरच संपतो. निवृत्तीनंतर वय वाढलेले, आजार जडलेले आणि विमा नाही, अशी स्थिती येते. म्हणून नोकरी असतानाच स्वतःची वेगळी पॉलिसी घ्यावी. सत्तर वर्षांवरील ज्येष्ठांसाठी २९ ऑक्टोबर २०२४ रोजी आयुष्मान योजनेत उत्पन्नाची अट न ठेवता पाच लाखांपर्यंतचे संरक्षण सुरू झाले. घरातील वडीलधाऱ्यांचे कार्ड काढले आहे का, हे आजच पाहा.

पॉलिसी हाती आल्यापासून तीस दिवसांत पटली नाही तर ती परत करता येते. दावा अन्यायाने नाकारला तर प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार करावी. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर विमा लोकपालाकडे जावे. मुंबई व पुणे येथे त्यांची कार्यालये आहेत आणि तक्रारीला शुल्क नाही.

तथागतांनी कालामांना ऐकीव गोष्टींवर विसंबू नका, स्वतः पारखून घ्या, असे सांगितले. हीच कसोटी पॉलिसीच्या कागदालाही लावावी. विद्यार्थी मित्रहो, तुम्ही शिकलात; आता रविवारी वंदनेनंतर विहारात बसून वडीलधाऱ्यांच्या पॉलिसी त्यांना वाचून दाखवा. खोलीभाडे, को-पेमेंट, डिडक्टिबल आणि प्रतीक्षा काळ, हे चार आकडे पहिल्या पानावर ठळक लिहून द्या. एवढे केलेत तरी एखाद्या घरातील दागिने गहाण पडण्यापासून वाचतील.

नमो बुद्धाय! जयभीम!