ज्याचं त्याचं पुस्तक

(मंडळाच्या गणेशोत्सवात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी डिप्लोमा झालेला साधा सरकारी नोकर, रस्त्यांची मापं घेणारा. तरी मंडळाने वाचनावर बोलायला सांगितलं. आपला बाप्पा तर महाभारताचा लेखनिक! अर्थ समजल्याशिवाय लिहायचं नाही, ही व्यासांची अट त्याने मान्य केली, अशी कथा आहे. वाचणाऱ्यालाही तीच अट लागू. पण सगळ्यांना एकच पुस्तक समजेल, रुचेल असं मात्र नसतं.

आमच्या घरातलंच सांगतो. बाबा अबोल. रोज पहाटे दासबोधाचा एक समास वाचायचे. दुसऱ्या दशकात समर्थांनी माणसांचे प्रकारच मांडले आहेत : मूर्ख, उत्तम, रजोगुणी, तमोगुणी, सत्त्वगुणी आणि शेवटी पढतमूर्ख. तो शेवटचा समास आला की बाबा माझ्याकडे बघून गालात हसायचे! काका उलट. पु. लं.चं 'व्यक्ती आणि वल्ली' ते ओसरीवर चार माणसं जमवून मोठ्याने वाचायचे. आईला अक्षरओळख नव्हती. पण श्रावणात पोथी वाचणाऱ्याने एक ओवी गाळली तरी ती लगेच टोकायची. तीही वाचकच, कानाने वाचणारी.

कार्ल युंग यांनी १९२१ साली अंतर्मुख आणि बहिर्मुख माणसांवर मोठा ग्रंथ लिहिला. आमच्या ओसरीवर हे दोन्ही प्रकार एकाच सतरंजीवर बसत.

मला स्वतःला गावं वाचायला आवडतात. हायमेनडॉर्फ हे अभ्यासक १९४० च्या दशकात आपल्याजवळच्या मार्लवाईत राहिले आणि १९४८ साली आदिलाबादच्या राजगोंडांवर त्यांचं इंग्रजी पुस्तक आलं. शब्दकोश शेजारी ठेवून मी ते वाचलं. ज्यांना रोज 'रामराम' करत होतो, ते शेजारी मला तेव्हा कुठे कळू लागले. दिवाळीच्या दंडारीतला मोरपिसांचा गुस्साडी आता मी निराळ्या नजरेने बघतो. पुस्तकाने एवढं दिलं तरी पुष्कळ झालं.

आता माझी चूक सांगतो. 'श्यामची आई' वाचून मी लहानपणी रडलो होतो, म्हणून मुलगी दहा वर्षांची झाल्यावर तिच्या हाती तेच दिलं. रोज रात्री विचारायचो, किती पानं झाली? ती न वाचताच खूण पुढे सरकवू लागली. कळल्यावर मी रागावलो, "तुला मराठीचं प्रेमच नाही." ती रडत म्हणाली, "बाबा, माझं मराठीवर प्रेम आहे. मला हे पुस्तक नको."

तिची शाळा इंग्रजी, मैत्रिणी तेलुगू. देवनागरी ती हिंदीच्या तासाला शिकली, म्हणून 'ळ' आला की अडखळते. त्यात घरी रोज माझी परीक्षा! कित्येक महिने तिने मराठी पुस्तकाला हात लावला नाही. मग भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे मिळाला. पोर मुळात एका जागी न बसणारी, तिला जोडीदार भेटला. दोन दिवसांत पुस्तक संपवून विचारते, "बाबा, फुरसुंगी कुठे आहे?"

ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम रंगनाथन यांनी १९३१ साली मांडले. प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक, हे त्यातले दोन. मला ते मुलीने शिकवले.

१९५६ साली राज्यांच्या सीमा बदलल्या. आदिलाबाद जिल्ह्यातलं किनवट तिकडे गेलं, आपलं उटनूर इकडे राहिलं. मुलांनी तेलुगू उत्तम शिकावं, पोट त्यावर आहे. पण घरात नुसती बोलायची उरलेली भाषा एकदोन पिढ्यांत स्वयंपाकघरापुरती होते. म्हणून एक विनंती : प्रत्येक घराने मंडपात एक मराठी पुस्तक आणून ठेवावं. मुलांना चाळू द्या, निवडू द्या, न आवडलं तर परत ठेवू द्या. किती पानं झाली, हे मात्र कुणी विचारू नका.

'श्यामची आई' आमच्या कपाटात आहे. तिने ठेवलेली खूण मी अजून काढलेली नाही.

गणपती बाप्पा मोरया!